जुन्या नाण्याचे मोल

लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी अनेक मराठी घरांत एक लहानशी पितळी पेटी बाहेर निघते. तीत राणी छापाचे चार-दोन रुपये असतात, एखादी झिजलेली शिवराई असते आणि आजीच्या माळेतून सुटलेली एखादी पुतळी असते. अशी पेटी एकाच धर्माच्या घरात असते असे नव्हे. गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांच्या कपाटांतही दों लुईश राजाचे मुख असलेला रुपया कागदात गुंडाळून जपलेला आढळतो. पूजेपूर्वी नाणी चिंचेच्या पाण्यात घासून लख्ख केली जातात. ती पाटावर मांडली जात असता घरातील एखादे मूल विचारते, ‘याचे आज किती येतील?’

या प्रश्नाला बहुधा दोनच उत्तरे मिळतात. घरातील वडीलधारे म्हणतात, ‘जुने नाणे आहे, अमोलिक आहे.’ सोनार ते तराजूत टाकतो आणि त्या दिवसाच्या चांदीचा भाव सांगतो. पहिल्या उत्तरावर विसंबणारा कोणा भामट्याच्या हाती सापडतो. दुसरे उत्तर प्रमाण मानणारा ते नाणे मुशीत घालतो. जुन्या नाण्याचे मोल ठरविण्याची एक निश्चित रीत आहे. ती या दोन्ही उत्तरांहून वेगळी आहे आणि तिच्यामागे मोठा इतिहास आहे.

नाण्याची पारख करणे हे आपल्या प्रांतांत नवे काम नव्हे. १६७४ साली शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या सुमारास हेन्री ऑक्सिंडेन हा इंग्रजांचा वकील रायगडावर आला होता. आपल्या कंपनीची नाणी महाराजांच्या मुलखात चालावीत, अशी इंग्रजांची एक मागणी होती. तिला मिळालेल्या उत्तराचा आशय मनन करण्याजोगा आहे. कोणतेही नाणे चालण्यास आमची मनाई नाही. परंतु जे घेतल्याने रयतेचे नुकसान होईल, ते घेण्याची सक्ती आम्ही तिच्यावर करणार नाही. इंग्रजांचे नाणे कसाला व वजनाला इतरांच्या नाण्यांसारखे असेल, तर ते आपोआप चालेल. म्हणजे नाण्याचे मोल राजाज्ञेने ठरत नसून कसाने आणि वजनाने ठरते, ही जाण त्या काळी राज्यकर्त्यांनाही होती आणि पेठेतील सराफालाही होती.

त्या सराफाचे काम सोपे नव्हते. सभासदाच्या बखरीत महाराजांच्या खजिन्यातील सोन्याच्या नाण्यांच्या जातींची लांबलचक यादी दिलेली आहे. पुढे पेशवाईत टाकसाळी चालविण्याच्या सनदा सोनार-सराफांना दिल्या जाऊ लागल्या आणि रुपयांच्या जाती वाढत गेल्या. पुण्याचा अंकुशी, चांदवडचा चांदोरी, बागलकोटचा मल्हारशाही असे रुपये एकाच बाजारात फिरत. प्रत्येकाचा कस थोडा वेगळा, वजन थोडे वेगळे. सराफ नाणे दगडावर वाजवून त्याचा नाद ऐके, कसोटीवर त्याची रेघ ओढी, काट्यावर गुंजांनी तोली आणि मग त्यावर बट्टा आकारी. कित्येकदा परीक्षा झाल्याची खूण म्हणून तो नाण्यावर आपला लहानसा ठसा मारी किंवा कड किंचित खरवडून पाही. अशा खुणांनी भरलेले रुपये आजही पुष्कळ सापडतात.

सराफाच्या हिशेबात जुनेपणा हा गुण नव्हता, दोष होता. नवे कोरे नाणे वजनात पुरे भरे. दहा वर्षे हातोहात फिरलेले नाणे झिजलेले असे आणि त्यावर बट्टा बसे. बंगालमध्ये तर चालू सालाच्या रुपयाला पूर्ण किंमत आणि मागील सालच्या रुपयाला बट्टा, असा नियमच होऊन बसला होता. हैद्राबाद संस्थानच्या रुपयाला ‘हाली सिक्का’ म्हणत, त्यातील ‘हाली’ या शब्दाचा अर्थ ‘चालू’ असाच आहे. मराठवाड्यात हाली आणि इंग्रजांचा यंत्रावर पाडलेला कलदार असे दोन रुपये शेजारी शेजारी चालत असत आणि प्रत्येक व्यवहारात ‘हाली की कलदार?’ हा प्रश्न आधी विचारला जाई.

आजच्या संग्राहकाने हा हिशेब उलटा केला आहे. ज्या जुनेपणावर सराफ बट्टा लावी, त्यावर संग्राहक अधिक रक्कम देतो. तथापि तो केवळ जुनेपणाला पैसे मोजतो, असे समजणे चुकीचे होय. भारतातील सर्वांत जुनी चांदीची नाणी म्हणजे आहत नाणी. ती दोन हजार वर्षांहून जुनी आहेत. पण लोकांनी ती मडक्यांत भरून पुरली आणि ती हजारांच्या संख्येने पुन्हा सापडली. त्यामुळे त्यांतील सामान्य प्रकार आजही सर्वसाधारण माणसाच्या आवाक्यात आहेत. उलट सहावा जॉर्ज राजाचा १९३९ सालचा चांदीचा रुपया शंभर वर्षांचाही झालेला नाही आणि तो मिळता मिळत नाही.

याचे कारण समजून घेतले म्हणजे मूल्यनिर्णयाचा पहिला सिद्धान्त हाती येतो. नाणी किती पाडली गेली याहून किती वाचली हे अधिक महत्त्वाचे असते. १८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारने सर्व इलाख्यांत एक तोळा, म्हणजे १८० ग्रेन वजनाचा रुपया सुरू केला. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी असे. हे प्रमाण शंभर वर्षांहून अधिक काळ टिकले. दुसरे महायुद्ध सुरू झाले, चांदीची ओढ लागली आणि १९४० मध्ये रुपयातील चांदी निम्म्यावर आणली गेली. १९४१ ते १९४३ या काळात जुने भारी चांदीचे रुपये क्रमाक्रमाने चलनातून काढण्यात आले. १९३९ चा रुपया हा त्या जुन्या प्रमाणाचा शेवटचा. तो लोकांच्या हाती पुरता पोचण्यापूर्वीच काळाच्या तडाख्यात सापडला. त्याच्या आदल्याच वर्षाचा, १९३८ सालचा रुपया मात्र आज सहज मिळतो.

पाचव्या जॉर्ज राजाच्या १९११ सालच्या रुपयाची कथा याहून रंजक आहे. राजाच्या वस्त्रावरील मानचिन्हात एक लहानसा हत्ती कोरलेला होता. पण त्याची सोंड इतकी आखूड उतरली की तो डुकरासारखा दिसू लागला. लोकांच्या धर्मभावना दुखावतील, या भीतीने सरकारने ते नाणे मागे घेतले. नव्वद लाखांवर पाडलेल्या त्या रुपयांपैकी सुमारे सात लाखच तोपर्यंत बाहेर गेले होते. उरलेले वितळविण्यात आले. पुढच्या वर्षी हत्तीची सोंड नीट कोरण्यात आली. १९११ आणि १९१२ या दोन रुपयांत चांदी तितकीच, राजा तोच. पण संग्राहक पहिल्यासाठी पुष्कळ अधिक मोजतो.

याउलट १८६२ सालचा राणी छाप रुपया घ्या. तो घरोघर सापडतो आणि ‘दीडशे वर्षांचा आहे’ म्हणून मोठ्या अपेक्षेने विकावयास नेला जातो. वस्तुतः १८६२ पासून १८७४ पर्यंत टाकसाळीने रुपयावरील साल बदललेच नाही. तेरा वर्षे पाडलेल्या रुपयांवर एकच आकडा आहे. त्यांतील प्रकार ओळखण्यासाठी अभ्यासकांना नक्षीतील बारीक ठिपके मोजावे लागतात. म्हणून साधा १८६२ चा रुपया जुना खरा, पण दुर्मिळ नव्हे. त्याची किंमत बहुधा चांदीपेक्षा फार दूर जात नाही.

मूल्य ठरविताना दुसरी पायरी म्हणजे नाण्यावरील मजकूर अचूक वाचणे. या पायरीवर सुशिक्षित माणूसही घसरतो. वडोदऱ्याच्या तिसऱ्या सयाजीरावांच्या रुपयावर नागरीत १९४८ असा आकडा दिसला की तो स्वातंत्र्यानंतरचा आहे, असे एखाद्यास वाटेल. पण तो विक्रम संवत आहे. त्यातून सत्तावन्न वजा केले म्हणजे इसवी सन १८९१ येते. हैद्राबादच्या नाण्यांवर हिजरी सन असतो, काही संस्थानी नाण्यांवर राज्यारोहणाचे वर्ष असते. कोणत्या नाण्यावर कोणता शक आहे हे कळल्यावाचून त्याचे वय सांगता येत नाही.

नावाबाबतही तसेच आहे. इंदूरच्या होळकरांच्या, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या व वडोदऱ्याच्या गायकवाडांच्या कितीतरी रुपयांवर दिल्लीच्या शाह आलम बादशहाचे नाव फारसीत आहे. हा बादशहा १८०६ मध्ये वारला, तरी त्याचे नाव नाण्यांवर पुढे अनेक दशके चालूच राहिले, कारण लोकांचा त्या छापावर विश्वास बसला होता. अशा वेळी नाणे कोणाचे हे बादशहाच्या नावावरून कळत नाही. बाजूच्या लहानशा चिन्हावरून कळते. अहिल्याबाईंच्या काळी महेश्वरच्या टाकसाळीत शिवलिंग आणि बेलाचे पान ही खूण वापरली जाई, मल्हारनगरच्या म्हणजे इंदूरच्या नाण्यांवर सूर्याचे मुख असे. ग्वाल्हेरच्या काही नाण्यांवर जयाजीरावांच्या नावाचे ‘जी’ हे अक्षर आढळते. हैद्राबादच्या चारमिनार रुपयाच्या कमानीत अगदी बारीक असे एक उर्दू अक्षर आहे. ‘मीम’ असेल तर तो मीर महबूब अली खानांचा, ‘ऐन’ असेल तर १९११ मध्ये गादीवर आलेल्या मीर उस्मान अली खानांचा. जो हे अक्षर भिंगाखाली पाहत नाही, त्याला दोन राजवटींतील भेदही दिसत नाही.

गोव्याच्या नाण्यांची गोष्टही अशीच शिकविणारी आहे. १५१० मध्ये आफोंसो द आल्बुकेर्कने गोवा घेतल्यावर तेथे टाकसाळ उघडली. पुढील साडेतीन शतकांत तिच्यातून शेराफीं, टांगा, बझारूक अशी नाणी निघाली. शेराफीं हे नाव अश्रफी या शब्दावरून आलेले. काही नाण्यांवर संत थॉमसाची आकृती आहे. बझारूक हे गरिबाच्या हातातील नाणे. त्यांतील कथील-शिशाची नाणी दमट किनारी हवेत खात गेली आणि चांगल्या स्थितीत फारच थोडी उरली. पुढे १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहानंतर गोव्याचा रुपया कलकत्त्याच्या टाकसाळीत पाडला जाऊ लागला. १८८१ सालच्या दों लुईश राजाच्या त्या रुपयाचे वजन व कस ब्रिटिश रुपयाप्रमाणेच आहे. धातूच्या दृष्टीने शेराफींसारखे चांदीचे नाणे बझारूकापेक्षा कितीतरी श्रेष्ठ. पण स्वच्छ अक्षरांचे बझारूक हाती आले तर अभ्यासकाचा आनंद अधिक मोठा असतो.

तिसरी पायरी नाण्याच्या अवस्थेची. अक्षरे पूर्ण आहेत काय, राजाच्या केसांच्या रेषा दिसतात काय, कड शाबूत आहे काय, हे पाहिले जाते. एकाच सालच्या दोन रुपयांत, एक हातोहात झिजलेला आणि दुसरा टाकसाळीतून आल्यासारखा असेल, तर किमतीत अनेक पटींचा फरक पडतो. काळाच्या ओघात चांदीवर जी काळसर-निळी झाक येते, तिला पारखी माणूस मळ समजत नाही, ते नाण्याचे संरक्षण समजतो. चिंच, राख किंवा चांदी उजळण्याची पूड यांनी ती झाक जाते आणि तिच्याबरोबर नाण्याचा पृष्ठभागही सूक्ष्मपणे खरवडला जातो. ती चमक डोळ्यांना सुखवते खरी. पण एका सायंकाळच्या घासण्याने शंभर वर्षांची राखण वाया जाते आणि गेलेली झाक परत आणता येत नाही.

पुतळीचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. आपल्या पुतळीच्या माळेतील मूळ पुतळी म्हणजे इटलीतील व्हेनिस प्रजासत्ताकाचे डुकाट हे सोन्याचे नाणे. १२८४ पासून १७९७ पर्यंत, म्हणजे पाचशे वर्षांहून अधिक काळ, ते जवळजवळ एकाच नमुन्याने पाडले गेले. एका बाजूस संत मार्कपुढे गुडघे टेकलेला नगराधिपती, दुसऱ्या बाजूस तारकांच्या वलयात उभा ख्रिस्त. सोने जवळजवळ शुद्ध, वजन सुमारे साडेतीन ग्रॅम. ते व्यापाऱ्यांबरोबर आपल्या किनाऱ्यावर आले. त्यावरील मानवाकृती पाहून लोकांनी त्यास पुतळी म्हटले आणि सुनेच्या गळ्यात घातले. मागणी वाढली, तेव्हा येथील सोनारांनीही तसे ठसे बनविले. त्यांना लॅटिन अक्षरे वाचता येत नव्हती, म्हणून नकलेवरील अक्षरे मोडकी, अर्थहीन झाली. मूळ आणि नक्कल यांतील भेद त्या अक्षरांतच दिसतो. डाखाचा कडा लावलेली किंवा भोक पाडलेली पुतळी संग्राहक कमी किमतीत घेतो. पण जिच्या माळेत ती आहे, तिच्या दृष्टीने त्या भोकानेच ती घरची झाली.

चौथी आणि सर्वांत अवघड पायरी म्हणजे खरे-खोटे ओळखणे. शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन हे याचे ठळक उदाहरण आहे. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ असे त्यावर लिहिलेले असते. त्याच लेखाची तांब्याची शिवराई शतकाहून अधिक काळ वेगवेगळ्या टाकसाळींत पाडली गेली आणि एकोणिसाव्या शतकातही बाजारात फिरत होती. जस्टिन अॅबट या अमेरिकन पाद्र्याने त्या शतकाच्या अखेरीस पंचवीस हजारांच्या आसपास शिवराया तपासून त्यांचे वर्गीकरण केले. कोठे ‘शिव’ तर कोठे ‘सिव’, कोठे ‘पति’ तर कोठे ‘पती’, अशा लेखनभेदांवरून त्याने प्रकार पाडले. पेशवेकालीन दुदांडी शिवराई मधल्या दोन रेघांवरून ओळखता येते. अशी ही शिवराई विपुल आहे. होन मात्र मोजकेच उरले. विजयनगरचे वराह होनापेक्षा जुने असूनही कितीतरी कमी किमतीत मिळतात, कारण होनाच्या बोलीत सोने, दुर्मिळता आणि महाराष्ट्राची महाराजांवरील भक्ती अशी तिन्ही एकत्र येतात. जेथे एवढी मागणी तेथे खोटा माल येणारच. ओतीव नाण्यावर बारीक छिद्रे दिसतात, कडेवर साच्याची रेघ राहते, अक्षरे बोथट असतात. नाणे हवेत आणि मग पाण्यात तोलून त्याच्या धातूची घनता काढली म्हणजे पुष्कळशी लबाडी उघडी पडते.

सर्वांत अधिक नुकसान मात्र होनाने होत नाही. एका बाजूस रामपंचायतन किंवा हनुमान आणि दुसऱ्या बाजूस ‘ईस्ट इंडिया कंपनी’ व १८१८ असे साल असलेले तांब्याचे तुकडे खेडोपाडी लाखोंच्या बाता मारून विकले जातात. ती कंपनीची नाणी नव्हेत. कंपनीने असे नाणे कधीही काढले नाही. ते तांदूळ ओढून घेते, त्यात दैवी शक्ती आहे, असे सांगून शेतकऱ्यांची आयुष्यभराची बचत लुबाडल्याची प्रकरणे पोलिसांत गेली आहेत. जुनी नाणी-नोटा मोठ्या किमतीस विकून देतो असे सांगून आधी शुल्क मागणारेही पुष्कळ आहेत. रिझर्व्ह बँकेचे नाव घेऊन अशी फसवणूक होऊ लागली, तेव्हा २०२१ साली बँकेला जाहीर इशारा द्यावा लागला. जो विकत घेणार तो विकणाऱ्याकडून आधी पैसे मागत नाही, एवढा एक साधा नियम ध्यानी ठेवला तरी अनेक घरे वाचतील.

या चार पायऱ्या ओलांडल्यावर मग बाजारभाव येतो. तोही एका माणसाच्या तोंडच्या शब्दावर घेऊ नये. तशाच नाण्याला अलीकडच्या जाहीर लिलावांत काय मिळाले हे पाहावे, दोन-तीन जाणकारांस दाखवावे. सूचिग्रंथातील किंमत ही दिशा दाखविते, हमी देत नाही. आणि व्यापारी तिच्याहून कमीच देणार, कारण त्याला पुन्हा विकावयाचे असते. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांस द्यावी, असे १८७८ चा कायदा सांगतो.

हा शेवटचा नियम पुष्कळांना जाचक वाटतो. पण त्यामागचे कारण नाशिकजवळील जोगळटेंभीच्या ठेव्याने उत्तम रीतीने दाखविले आहे. १९०६ मध्ये तेथे चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. सर्व नाणी क्षत्रप राजा नहपानाची. परंतु त्यांतील सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. सातवाहनांनी नहपानाचा पराभव करून त्याचे चलन आपले केले, ही घटना त्या एका मडक्याने निर्विवाद ठरविली. एखादे नहपानाचे सुटे नाणे घेतले तर त्याची किंमत माफक आहे. त्या तेरा हजारांतील प्रत्येक नाणे वेगवेगळ्या सोनाराकडे गेले असते, तर चांदीचा भाव प्रत्येकाला मिळालाच असता. मात्र सातवाहनांच्या विजयाचा हा पुरावा मुशीतच विरला असता. असे किती ठेवे आजवर मुशीत गेले, याची मोजदाद कोणीच करू शकणार नाही.

म्हणून नाण्याचे मोल तीन ठिकाणी पाहावे लागते. धातूचे मोल सोनाराच्या काट्यावर कळते, बाजाराचे मोल लिलावाच्या बोलीत कळते. तिसरे मोल ते नाणे कोठून आले, कोणाजवळ होते, कोणत्या नाण्यांच्या संगतीत सापडले, या माहितीत असते. पहिली दोन मोले नाण्याबरोबर हस्तांतरित होतात. तिसरे मात्र घरातील वृद्ध माणसाबरोबर एक दिवस निघून जाते.

येत्या लक्ष्मीपूजनाला ती पितळी पेटी उघडेल, तेव्हा चिंचेचे पाणी बाजूस ठेवावे. नाणी कोरड्या मऊ कापडावर, कडेला धरून मांडावीत. पूजा झाल्यावर एका कागदावर लिहून ठेवावे की हा रुपया पणजोबांनी हैद्राबादेहून आणला, ही शिवराई बेळगावच्या शेतात नांगराला लागली, ही पुतळी आजीच्या माहेरची. तो कागद त्याच पेटीत घालावा. मग पुढील पिढीतील मुलाने ‘याचे किती येतील?’ असे विचारले, तर त्याच्या हाती किमतीबरोबर त्या नाण्याची हकीकतही देता येईल.